मुख्य धंदा: काही नाही

सोळाव्या वर्षी मी टाक आणि दौत घेऊन एका बाईचा मळा घालवला. अक्षर फार सुंदर होतं माझं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वेळी मला तेवढंच महत्त्वाचं वाटलं होतं.

आमचं गाव रिठदच्या बाजूचं. आता या भागाला वाशीम जिल्हा म्हणतात, तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. मी वाशीमला आत्याकडे राहून मराठी सातवी, म्हणजे फायनल, पास झाले होते. गावात तोवर एकही मुलगी फायनलला बसली नव्हती. परत आले तेव्हा मान अशी ताठ, की डोक्यावर भरली घागर ठेवली असती तर थेंब सांडला नसता. घागरी मात्र आई वाहायची. मी ओसरीवर बसून जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे मोठ्याने वाचायचे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं, की हे घर शिकलेलं आहे.

त्या हिवाळ्यात, तूर फुलावर असताना, नागपूरहून एक प्रोफेसर आले. दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून उतरले, मागून छापील कागदांचे गठ्ठे उतरले. पाटलांच्या ओसरीवर त्यांचा मुक्काम. म्हणाले, आम्हाला या गावाचा अभ्यास करायचा आहे. गाव हसलं. अभ्यास पोरं करतात, तोही मास्तर छडी घेऊन उभे असले तर.

पाटलांनी अदबीने विचारलं, "पीक पाह्याले आले का साहेब?"

"नाही, माणसं पाहायला आलो."

"मंग दात दाखवू का? बैलाचे तं दातच पाह्यतात."

प्रोफेसरही हसले. माणूस वाईट नव्हता, हे मला रागातसुद्धा लिहावं लागतं. वाईट असता तर काम सोपं होतं.

गावाच्या हसण्यामागे एक जुनी गोष्ट होती. माझ्या आजीच्या तरुणपणी एक साहेब लोखंडी चिमटा घेऊन आला होता. चावडीपुढे माणसं ओळीने उभी करून त्याने त्यांची नाकं मोजली होती. नाकाच्या रुंदीवरून कोण वरचा, कोण खालचा, असं काहीतरी त्याच्या शास्त्रात ठरायचं. आजोबांचं नाक त्याने दोनदा मोजलं, मान हलवली आणि वहीत लिहिलं. प्रोफेसर आले तेव्हा आजी फार म्हातारी झाली होती, पण ही गोष्ट प्रोफेसरांना सांगायला काठी टेकत पाटलांच्या ओसरीपर्यंत गेली.

"माह्या नवऱ्याले त्या दिवशी पडसं झालं व्हतं," ती म्हणाली. "नाक सुजून वांग्यावानी झालं व्हतं. थे लिहिलं का तुमच्या साहेबानं?"

प्रोफेसरांनी तिला हात जोडले. "आजी, तो काळ गेला. ते शास्त्र नव्हतं, तो अडाणीपणा होता. माणूस नाकात नसतो. तो काय कमावतो, काय खातो, कोणाच्या आधाराने जगतो, त्यात असतो." मग आमच्याकडे वळून ते सांगू लागले. ताऱ्यांचं शास्त्र झालं, झाडांचं झालं. माणसं एकमेकांबरोबर कशी राहतात याचं शास्त्र आता कुठे जन्माला येतंय. त्यासाठी घरोघर जाऊन विचारावं लागतं. ऐकीव गोष्टींवर विसंबायचं नाही, अंदाज करायचा नाही.

जन्माला येतंय म्हटल्यावर मला वाटलं, सुईण मीच.

आणि झालंही तसंच. पुरुषांना प्रश्न ते स्वतः विचारणार होते. बायका त्यांच्यासमोर येणार नव्हत्या, म्हणून लिहिता येणारी मुलगी हवी होती. अख्ख्या गावात ती एकच. वडील जरा कचरले. पाटील म्हणाले, दिवसाउजेडी जाईल, दिवसाउजेडी येईल, त्याच्यात काय आहे. आईला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एका दुपारी त्यांनी मला तक्ता समजावून सांगितला. प्रत्येक बाईमागे एक कागद. नाव, नवऱ्याचं नाव, वय, जात, घरात माणसं किती, मुख्य धंदा, जोडधंदा, कोणाच्या आधाराने राहते. नियम थोडेच होते. बाई जे सांगेल तेच लिहायचं. आपलं डोकं मध्ये घालायचं नाही. वाद घालायचा नाही. रकाना कोरा सोडायचा नाही. आणि एक खास सूचना: इकडच्या बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत, तेव्हा ते घरातल्या लेकराला किंवा शेजाऱ्याला विचारावं.

ही सूचना तेव्हा मला फार शहाणपणाची वाटली. आज आठवली की डोकं तापतं. नवऱ्याचं नाव चुकू नये म्हणून एवढी तजवीज. बाईचं काम चुकू नये म्हणून एक ओळ नाही.

पहिला तक्ता मी घरातच भरला. आई जात्यावर बसली होती. मी उंबऱ्यावर कागद मांडीवर घेऊन बसले आणि पुस्तकी आवाजात विचारलं, "तुमचा मुख्य धंदा काय?"

"कायचा धंदा वं," जात्याचा खुंटा न सोडता आई म्हणाली. "बसून तं राह्यतो घरी."

मी लिहिलं: काही नाही. जात्याच्या आवाजात मला तिचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून मी तिला जरा थांबायला सांगितलं होतं. ती थांबली, बोलली आणि परत दळू लागली. मी पिठाचे कण कागदावरून फुंकून टाकले. एवढी मी हुशार.

आता कोणी म्हणेल, पोर होती, तिला काय कळणार. कळत होतं, अगदी पक्कं कळत होतं. आमच्याकडे बाई कधी म्हणत नाही, मी राबते. पहाटेपासून तिची पाठ जमिनीला टेकलेली नसेल, पण पाहुण्याने विचारलं, काय चाललं, तर ती म्हणणार, काही नाही, बसली आहे. कष्ट बोलून दाखवले तर नजर लागते. शिवाय मी राबते म्हणणं म्हणजे, घरचा पुरुष पोसत नाही, असं चारचौघांत सांगणं. आणि विधवेने तसं म्हटलं तर ती सासरच्या नावाने बोटं मोडते, असं धरतात. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आईच्या दुधाबरोबर आलं होतं. फायनल पास झाल्यावर ते कुठे गेलं, देव जाणे. प्रोफेसर परगावचे होते. मी तर इथलीच गाढव होते.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, एका माळी घराचा भाजीचा मळा होता. दोन भाऊ. धाकटा पटकीत गेला, त्याची बायको मागे राहिली, मूलबाळ नाही. मी तिला काकू म्हणायचे. नवरा गेल्यावर मोठ्या दिराने मळा मागितला. पंच बसले. सातबारा, कायदा हे पंचांच्या डोक्यात कमीच. त्यांनी आपल्या रीतीने ठरवलं: जोवर या बाईचा हात मळ्याला लागतो, तोवर मळा तिच्या ताब्यात. ज्या दिवशी ती बसून खाईल, त्या दिवशी मळा दिराचा आणि तिला पोसायचं दिराने. त्या निवाड्यावर ती कितीतरी वर्षं तो मळा कसत होती. दिराच्या बैलांची मोट चालायची, पण पाणी वाफ्यात वळवायला चिखलात उभी तीच. रोपं लावायची तीच. रिसोडच्या बाजाराला डोक्यावर टोपलं घेऊन जायची तीच. दीर बांधावरून मळ्याकडे पाहायचा. त्याची नजर आम्हा पोरांनाही कळायची.

मी गेले तेव्हा काकू मेथी उपटून जुड्या बांधत होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. अंबाडीचा वाख दातात धरायची, मूठभर मेथी मांडीवर सारखी करायची, वाख फिरवायची, गाठ मारायची, की जुडी मागे. तिचं माझ्याकडे लक्ष होतं आणि हातांकडे नव्हतं. हात आपोआप चालत होते.

"बस वं माय," ती म्हणाली. "लिव्हाले आली म्हनते. माह्यं काय लिव्हतं?"

मी बसले. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाहीच. ते मला माहीत होतं, मी लिहिलं. वय तिने दुष्काळावरून सांगितलं, मी हिशेब करून लिहिलं. बघा, तिथे मी डोकं लावलं. मग विचारलं, "मुख्य धंदा काय?"

काकू हसली. वाख दातात होता, म्हणून शब्द अर्धेच आले. "बेवा बाईचा कायचा धंदा? बसून खातो."

"कोणाच्या आधाराने राहता?"

"भासऱ्याच्या. दुसरं कोन हाये?"

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. आणि हे बोलताना तिने पदर डोक्यावर नीट केला, कारण भासऱ्याचा नुसता उल्लेख झाला तरी पदर नीट करायचा असतो. हिरव्या बोटांनी. पदरावर हिरवा डाग पडला, तो मी पाहिला.

मी लिहिलं: मुख्य धंदा, काही नाही, बसून खाते. आधार, मोठा दीर. शाई वाळावी म्हणून कागद हवेत हलवला. काकूने माझं अक्षर लांबून पाहिलं आणि म्हणाली, "मोत्यावानी काढतं वं." मी फुलले. निघताना तिने एक जुडी माझ्या हातात कोंबली. "घरी ने. तुह्या मायले मेथीची भाजी आवडते." आम्ही ती त्याच दिवशी खाल्ली.

प्रोफेसर जायच्या आधी सगळे तक्ते नकलून त्यांची एक प्रत पाटलांकडे ठेवायची होती. काही चुकलं असेल तर गावाने दुरुस्त करावं, असा त्यांचा उद्देश. शास्त्रात पडताळणी असते, ते म्हणाले. नकला मीच केल्या. पाटलांनी त्या चावडीत वाचून घेतल्या. वाचायला शाळेचे मास्तर होते, ऐकायला पुरुष होते. बायकांबद्दल जे लिहिलं ते बायकांनी ऐकायला यावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. मी घरी बसून कौतुकाची वाट पाहत होते.

कौतुक आलं. काकूचा दीरच आला, वडिलांना भेटायला, गुळाची ढेप घेऊन. "पोरीनं लई साजरं लिहिलं," म्हणाला. चार दिवसांनी पंच बसले.

त्याने मागणं सरळ ठेवलं. निवाडा तुमचाच आहे, बसून खाईल त्या दिवशी मळा माझा. आता हे छापील कागदावर आलं आहे, नागपूरच्या साहेबाच्या कागदावर. तो कागद सरकारचा नव्हता. प्रोफेसरांनी तसं कधी म्हटलंही नव्हतं. पण छापील चौकटीत शाईने भरलेलं म्हटलं, की आमच्याकडे ते सरकारच.

मला बोलावलं. वडील पंचांच्या जवळच बसले होते. एका पंचाने कागद पुढे केला.

"हे अक्षर तुह्यं का?"

"हो."

"यात खोटं लिहिलं का तू?"

हा प्रश्न मी गेली साठ वर्षं ऐकते आहे. तेव्हा म्हणायला हवं होतं: खोटं नाही, पण खरंही नाही. म्हणायला हवं होतं: बाईने रीतीने सांगितलं, मी मूर्खपणाने लिहिलं, तुम्ही सगळे तिला रोज चिखलात उभी पाहता. एवढं म्हटलं असतं तर तो कागद तिथेच फाटला असता. पण तसं म्हणणं म्हणजे फायनल पास पोरीने चुकीचं लिहिलं, हे वडिलांसमोर कबूल करणं. मी मान ताठ केली, घागरीवाली मान, आणि म्हणाले, "काकूने सांगितलं तेच लिहिलं. नियमच तसा होता."

मग पंचांनी काकूकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून बसली होती. "का वं, तू असं म्हनली का?"

"म्हनली," ती बोलली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

पाच माणसं. पाचही घरांत तिचीच वांगी शिजत होती, तिचाच सांभार, म्हणजे कोथिंबीर, आमटीवर पडत होता. एकानेही म्हटलं नाही, की अरे, कालच मी हिच्याकडून भाजी घेतली. डोळ्यांनी पाहिलेलं त्या दिवशी चावडीबाहेर जोड्यांजवळ राहिलं आणि कागद आत आला. मळा दिराकडे गेला. दिराने तिला पोसायचं ठरलं, आणि पोसलं कसं, तर त्याच मळ्यात तिला राबायला लावून. बाजाराचं टोपलं आता त्याची सून नेऊ लागली. काकूच्या अंगावरचं एकही काम कमी झालं नाही. कामावरचं तिचं नाव तेवढं गेलं.

मी प्रोफेसरांना पत्र लिहिलं. त्याच सुंदर अक्षरात सगळं कळवलं, तक्ता दुरुस्त करा म्हणून विनवलं, पाटलांना चार ओळी लिहा म्हणून विनवलं. उत्तर आलं, सौम्य, पानभर. गावातल्या वादात अभ्यासकाने पडू नये, ते त्याच्या शास्त्राला शोभत नाही. आणि तक्त्याची काळजी नसावी, पाहणीत अशा एकेकट्या चुका होतात, पण त्या एकमेकींना खोडतात, सरासरीला धक्का लागत नाही.

खोडतात म्हणे. एकीने कमी सांगितलं आणि दुसरीने जास्त, तर खोडतील. आमच्या गावात जास्त सांगणारी बाई जन्माला यायची होती. साऱ्या जणींनी एकाच बाजूला चूक केली होती, आणि ती माझ्याच हाताने कागदावर उतरली होती. जातं ओढणारी काही करत नव्हती, कापूस वेचणारी काही करत नव्हती, सरकी काढणारी, गोवऱ्या थापणारी, निंदायला जाणारी, कोणीच काही करत नव्हतं. मग त्या गावात कापूस काय आपल्या पायाने गाडीत चढत होता? हे मी त्यांना लिहिलं नाही. माझं लग्न ठरलं होतं, आणि सासरी पत्रं लिहिणाऱ्या सुनेची चर्चा नको होती. घाबरले. हेही लिहून ठेवते.

माझी एक नात आता नागपूरला हेच शास्त्र शिकते. तिला मी ही गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, आजी, आता प्रश्न वेगळे विचारतात. काल दिवसभरात काय काय केलं, असं तासातासाने विचारतात. मला बरं वाटलं, आणि रागही आला. एवढं कळायला तुमच्या शास्त्राला माझं अख्खं आयुष्य लागलं होय?

लग्नानंतर दुसऱ्या संक्रांतीला मी माहेरी आले, तेव्हा प्रोफेसरांचं पुस्तक पाटलांकडे आलं होतं. जाड, निळ्या कापडाची बांधणी. मी इंग्रजी अक्षरं लावू शकत होते, अर्थ मास्तरांनी सांगितला. आमच्या गावावर एक प्रकरण होतं. गावाचं नाव बदललेलं होतं, कोणाची बदनामी नको म्हणून. त्यात स्त्रियांवर एक तक्ता, आणि खाली चार ओळी, की इथल्या बहुतेक स्त्रिया घरातल्या पुरुषावर अवलंबून असतात आणि त्यांना स्वतःचा असा धंदा नसतो. शेवटी आभार मानले होते. त्यात एका सुशिक्षित स्थानिक मुलीचेही होते. नाव नव्हतं. मला नाव नसल्याचं वाईट वाटलं. बघा, तोवरही खोड गेली नव्हती.

पुस्तक मागून घेतलं आणि मळ्यात गेले. माफी मागायची होती. पुस्तक कशाला नेलं, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दाखवायचं होतं, की चूक किती लांब गेली.

काकू मेथीच्याच वाफ्यात बसली होती. जुड्या बांधत होती. शेजारी टोपलं होतं, ते आता दुसऱ्याचं. ती वाळली होती, दातात वाख तसाच. मी बांधावर उभी राहून जे घोकून आणलं होतं ते बोलले: माझ्या हातून चूक झाली, मी पंचांसमोर बोलले नाही, मी साहेबांना पत्र लिहिलं, त्यांनी ऐकलं नाही, हे बघा, पुस्तकातही तेच छापलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं नाही. गाठ मारली, जुडी मागे टाकली, दातातला वाख काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी म्हनली थे तू लिव्हलं, त्याचा मले राग नाई. त्या दिवशी मेथीची जुडी घरी नेली ना तू? भाजी करून खाल्ली ना? थे कोनाच्या हातची व्हती, थे काहून नाई लिव्हलं वं पोरी?"